पट्ट्याच्या पेटीतलं पाणी

एटीव्ही, म्हणजे खडबडीत वाटांवर चालणारी फुगीर टायरांची गाडी, ओढ्यात घातली की चालवणाऱ्याचं सगळं लक्ष इंजिनाकडे असतं. हवा ओढणाऱ्या नळीतून पाणी आत गेलं तर इंजिन जागीच बसेल, ही भीती रास्तच आहे. पण पुष्कळदा घडतं ते निराळंच. पाणी पाय ठेवायच्या फळ्यांवर येतं, गाडी ओढ्याच्या मध्यावर पोचते, इंजिन ठणठणीत चालू असतं. अंगठ्यानं थ्रॉटल दाबला की आवाज चढतो, गाडी मात्र तसूभरही सरकत नाही. आणखी रेस द्यावी तर आवाज आणखी चढतो आणि पाठोपाठ जळक्या रबराचा वास येतो. इंजिनाला थेंबही लागलेला नसतो. पाणी शिरलेलं असतं ते इंजिनाच्या बगलेला बसवलेल्या प्लास्टिकच्या पेटीत. त्या पेटीत एक रबरी पट्टा फिरत असतो, आणि इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोचायला दुसरी वाट नसते.

पेटीचं झाकण कडेकडेनं स्क्रू लावून बसवलेलं असतं. ते काढलं की आत दोन पुल्या दिसतात. पुढची पुली इंजिनाच्या क्रँकशाफ्टवर, मागची गिअरबॉक्सच्या शाफ्टवर. प्रत्येक पुली म्हणजे समोरासमोर ठेवलेल्या दोन शंकूसारख्या थाळ्या. एक पक्की, दुसरी सरकती. पुढच्या पुलीच्या सरकत्या थाळीमागे छोटी वजनं असतात. इंजिनाची गती वाढली की ती बाहेर फेकली जातात आणि थाळीला आत ढकलतात. दोन थाळ्यांमधली फट अरुंद झाली की पट्टा पुलीच्या कडेकडे वर चढतो. पट्ट्याची लांबी ठरलेली, त्यामुळे मागच्या पुलीत तो तितकाच खाली खेचला जातो आणि तिथल्या थाळ्या स्प्रिंगचा दाब सोसून उघडतात. पुढची पुली जणू मोठी झाली, मागची लहान; गाडी वेग घेते. मागच्या पुलीत स्प्रिंगच्या जोडीला तिरक्या खाचेची कॅम असते. चढ लागून चाकांवर भार आला की त्या भाराचाच पीळ वापरून ही कॅम थाळ्या पुन्हा आवळते आणि पट्टा माघारी येतो. चालता चालता गिअर बदलायचा नाही, क्लच दाबायचा नाही. भार आणि वेग यांचा हिशेब दोन पुल्या आपापसांत मिटवतात.

या सगळ्या व्यवहारात दात्यात दाता कुठेच अडकलेला नाही, हे ध्यानात घ्यायला हवं. पट्ट्याच्या आतल्या बाजूला दाते दिसतात खरे, पण ते पट्टा सहज वाकावा म्हणून असतात. ताकद जाते ती पट्ट्याच्या दोन तिरक्या कडांमधून, निव्वळ घर्षणावर. रबराच्या पोटात ताण सोसणारे धागे असतात, चांगल्या पट्ट्यांत ॲरामिडचे, म्हणजे बुलेटप्रूफ जाकिटात वापरतात त्या जातीचे. धागे पट्टा तुटू देत नाहीत. पकड मात्र शेवटी रबर आणि धातू यांच्या कोरड्या स्पर्शाचीच. त्या दोघांमध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा आला की स्पर्श तुटतो. मग थाळ्या पट्टा कितीही आवळोत, त्या नुसत्या घसरत राहतात.

ही कल्पना एटीव्हीपेक्षा खूप जुनी आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या साल्सबरी कंपनीनं १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात आपल्या ‘मोटर ग्लाइड’ स्कूटरला अशी आपोआप जुळवून घेणारी पट्ट्याची यंत्रणा बसवली होती. युरोपात तिला चारचाकीत मान मिळवून दिला तो हॉलंडच्या हब व्हॅन डूर्न यांनी. त्यांच्या डॅफ कंपनीची ‘डॅफ ६००’ ही छोटी मोटार १९५८ साली ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात आली. ‘व्हेरिओमॅटिक’ नावाच्या तिच्या यंत्रणेत रबरी पट्टेच होते. ही गाडी जितक्या वेगानं पुढे जायची जवळजवळ तितक्याच वेगानं मागेही जाऊ शकायची, आणि डच लोकांनी पुढे या गाड्यांच्या उलट्या शर्यतीही भरवल्या. यंत्राच्या इतिहासात असले चाळे क्वचितच वाचायला मिळतात, म्हणून सांगितलं.

पट्टा खरा रुळला तो बर्फात. अमेरिकेचं मिनेसोटा राज्य, तिथलं कॅनडाच्या सीमेलगतचं रोझो हे गाव. १९५४ साली सुरू झालेली पोलॅरिस कंपनी तिथली. स्नोमोबाइल चालवताना हातांत जाड मोजे, खाली भुसभुशीत बर्फ, क्षणाक्षणाला बदलणारा भार. अशा ठिकाणी गिअर बदलत बसणं अवघड. पट्ट्यानं तो प्रश्न सोडवला. इकडे एटीव्हीचं युग होंडानं १९७०मध्ये तीन चाकी, फुगीर टायरच्या गाडीनं सुरू केलं होतं आणि १९८२ साली सुझुकीनं ‘क्वाडरनर’ ही चार चाकी आणली. या गाड्यांना मोटरसायकलीसारखे गिअर होते. १९८५ साली पोलॅरिसनं ‘ट्रेल बॉस’ बाजारात आणली तेव्हा स्नोमोबाइलमधला ओळखीचा पट्टा तिच्यात घातला. शेतकऱ्याला, शिकाऱ्याला, ज्यानं कधी क्लच धरला नव्हता त्यालाही ती चालवता येऊ लागली. पुढे बहुतेक कंपन्या त्याच वाटेनं गेल्या.

फरक एवढाच की स्नोमोबाइल थंड, कोरड्या बर्फावर चालते. एटीव्ही ओढ्यात, दलदलीत, भाताच्या खाचरात जाते. पट्टा बर्फातून चिखलात आला आणि त्याची पेटी हा कायमचा डोकेदुखीचा विषय झाला.

कुणीही सहज विचारेल, की मग पेटी पक्की बंद का करत नाहीत? गॅस्केट घाला, सीलंट लावा, विषय संपला. तसं करता येत नाही, कारण पट्टा चालताना तापतो. घर्षणानं तापतो, सतत वाकण्यानं तापतो, आणि शेजारी इंजिन भट्टीसारखं धगधगत असतं. रबराला उष्णता सोसत नाही. ते कडक होतं, त्याला भेगा पडतात, थर सुटतात. म्हणून पेटीला श्वास घ्यावाच लागतो. पुढच्या पुलीच्या थाळीवर पंख्याच्या पात्यांसारखे उंचवटे असतात. पुली फिरली की ते एका नळीतून बाहेरची हवा ओढतात आणि दुसऱ्या नळीतून तापलेली हवा बाहेर टाकतात. हवेला वाट ठेवली की पाण्यालाही वाट राहते. कोरडं राहायचं आणि थंडही राहायचं, या दोन मागण्या एकाच पेटीकडून केल्या आहेत, आणि तिची रचना म्हणजे त्यांच्यातली तडजोड आहे. पाणी शिरलं म्हणजे गाडी सदोष, असं म्हणणाऱ्यांशी मी म्हणूनच सहमत होत नाही.

पाणी शिरण्याच्या वाटा तशा मोजक्याच. हवा घेणारी नळी निर्माते उंचावर, पुढच्या आवरणाखाली किंवा सीटजवळ नेऊन ठेवतात; तिच्यातून पाणी यायला गाडी बरीच खोल जावी लागते. खरी दगाबाज असते ती हवा सोडणारी नळी. गाडी चालू आहे, इंजिन जोरात फिरतंय, तोवर आतली हवा जोरात बाहेर येते आणि पाण्याला थोपवून धरते. पाण्याच्या मध्यावर थ्रॉटल सोडला, ‘जरा थांबू, फोटो काढू’ म्हटलं, की पंखा मंदावतो आणि नळीचं तोंड बुडालेलं असेल तर पाणी उलटं आत येतं. शिवाय दिवसभर तापलेली पेटी गार पाण्यात बुडली की आतली हवा आकसते आणि जिथे फट सापडेल तिथून पाणी ओढून घेते. मग झाकणाचं गॅस्केट जरा चिरलेलं असो, एखादा स्क्रू सैल असो किंवा नळीची क्लिप ढिली असो, तेवढं पुरतं. आणि एक वाट आपणच करून देतो: गाडी धुताना प्रेशर वॉशरचा फवारा थेट नळीच्या तोंडावर किंवा झाकणाच्या सांध्यावर मारायचा. ओढा न ओलांडताही पट्टा ओला झालेल्या गाड्या असतात, त्या अशा.

बऱ्याच कंपन्यांच्या पुस्तिकांत एक मर्यादा स्पष्ट दिलेली असते: पाणी पायाच्या फळ्यांच्या तळापर्यंतच हवं, त्याहून खोल जाऊ नका. पण ओढ्याच्या काठावर उभं राहून खोली कळत नाही आणि सोबतचे चौघे पलीकडे पोचलेले असतात. अशा वेळी पुस्तिका कुणाला आठवते?

पाणी गेलंच तर काय करायचं, ते सोपं आहे आणि त्याला फारशी हत्यारं लागत नाहीत. आधी रेस देणं थांबवायचं. ओला पट्टा घसरत असताना रेस देत राहणं म्हणजे पट्टा जाळणं. चाकं अडकलेली, पुढची पुली पट्ट्याच्या एकाच जागी गरगर फिरतेय. त्या जागेचं रबर झिजून पट्ट्याची कंबर बारीक होते. असा पट्टा पुढे चालतो, पण हळू वेगात प्रत्येक फेऱ्याला ठक-ठक धक्का देत चालतो. हा ठोका एकदा सुरू झाला की पट्टा बदलण्यावाचून उपाय नाही. तेव्हा ढकलून, दोर लावून, विंच असेल तर विंचनं, गाडी आधी कोरड्यावर घ्यायची.

मग पेटीच्या तळाशी पाहायचं. बहुतेक गाड्यांना झाकणाच्या सर्वांत खालच्या जागी निचऱ्याचं बूच असतं. कुठे रबरी, कुठे आट्यांचं, कुठे क्लिपनं धरलेली टोपी. ते काढलं की पाणी वाहून जातं. पाणी कसं आहे ते बघून घ्यावं: स्वच्छ असेल तर प्रश्न थोड्यात सुटेल, गढूळ असेल तर घरी जाऊन झाकण उघडावंच लागेल. बूच परत बसवायचं, गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची, ब्रेक धरायचा आणि थ्रॉटल थोडा दाबायचा, सोडायचा. परत दाबायचा, परत सोडायचा. बऱ्याच एटीव्हींत न्यूट्रल असतं ते मागच्या पुलीच्याही पुढे, गिअरबॉक्समध्ये. म्हणून गाडी जागेवर राहते आणि आत दोन्ही पुल्या व पट्टा मोकळे फिरतात. पंख्याची हवा आणि पुल्यांची ऊब यांनी पट्टा सुकतो. थ्रॉटल पूर्ण दाबून धरून ठेवायचा मोह मात्र आवरावा; पोलॅरिसच्या पुस्तिका तर दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ तसं करू नका असं बजावतात. मग सर्वांत खालच्या गिअरमध्ये टाकून हळूच चालवून पाहायचं. अजून घसरतोय? परत न्यूट्रल, परत तेच. अर्ध्या तासाच्या घाईपेक्षा पाच मिनिटांची सबुरी इथे स्वस्त पडते.

खालच्या गिअरचा मुद्दा सुकवण्यापुरता नाही. गाडी हळू चालवायची असेल, चिखल तुडवायचा असेल, ओझं ओढायचं असेल तेव्हा ‘लो’च वापरावा, कारण त्यात पट्ट्यावरचा भार कमी होतो. ‘हाय’मध्ये टाकून चिखलात कुथत चालवणाऱ्यांचे पट्टे पाण्याशिवायही जळतात, आणि दोष मात्र पाण्याला मिळतो.

घरी आल्यावर झाकण उघडणं हा या कामाचा दुसरा अंक. आत गाळ दिसला तर तो सुकू देऊ नये. सुकलेला गाळ पॉलिश पेपरचं काम करतो: थाळ्यांवर गोल चरे पाडतो, वजनांच्या बुशमध्ये जाऊन बसतो, मग वजनं अडकतात आणि गाडी झटके देत उचलते. मागच्या पुलीच्या थाळ्या फाकवायला खास स्क्रू किंवा साधन मिळतं. त्या फाकवून पट्टा काढावा. कोमट पाणी आणि साबण यांनी पट्टा धुवावा, पूर्ण वाळवावा. थाळ्या स्वच्छ फडक्यानं आणि अल्कोहोलनं पुसाव्यात. गंज किंवा काळा चकचकीत थर आलेला असेल तर घासणीनं हलकेच काढावा. पट्टा परत घालताना पहिल्या दिशेनंच घालावा, त्यावरची अक्षरं किंवा बाण पाहून. एका दिशेला रुळलेला पट्टा उलटा लावला तर लवकर खराब होतो.

आणि एक गोष्ट अजिबात करू नये. पाणी हटवतो म्हणून जो सुप्रसिद्ध तेलकट स्प्रे प्रत्येक गॅरेजात असतो, तो या पेटीत मारू नये. ओला पट्टा सुकतो. तेल लागलेला सुकत नाही. ओळखायची खूणही हीच. सुकवल्यावर पट्टा धरू लागला तर पाणी होतं. कितीही सुकवलं तरी घसरतोच, आणि पुढच्या पुलीमागे काळपट ओल दिसतेय, तर क्रँकशाफ्टचं ऑइल सील गेलेलं असू शकतं. मग पट्टा बदलून भागत नाही, सील आधी बदलावं लागतं. त्याच दिवशी गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचं तेलही पाहून घ्यावं. ते दुधाळ दिसलं तर पाणी तिथवर पोचलंय.

पाण्याला शरण न जाणारेही आहेत. अमेरिकेच्या दक्षिणेत, लुइझियाना आणि टेक्सासमध्ये, चिखलात गाडी बुडवणं हाच खेळ आहे. टेक्सासच्या जॅक्सनव्हिल गावी ‘मड नॅशनल्स’ या नावानं त्याचा मेळाच भरायचा. या मंडळींनी घरोघरी मिळणारे पीव्हीसी पाइप, एल्बो आणि क्लिपा घेऊन नळ्या हँडलच्या उंचीपर्यंत चढवल्या: एक इंजिनासाठी, एक पेटीत हवा घ्यायला, एक सोडायला. त्याला ते स्नॉर्केल म्हणतात. गॅरेजातला हा उद्योग इतका पसरला की कंपन्यांनी तो उचलला. कॅन-ॲमनं २०११मध्ये आउटलँडरची ‘एक्स एमआर’ आवृत्ती आणली, तिच्यात हवेच्या नळ्या आणि रेडिएटर कारखान्यातूनच वर चढवलेले होते. गॅरेजातल्या कारागिरीला मिळालेली याहून मोठी पावती मला ठाऊक नाही. पण स्नॉर्केल म्हणजे अभय नव्हे. नळी लांबली, वळणं वाढली की हवा कमी मिळते, पट्टा जास्त तापतो; आणि झाकणाचं गॅस्केट जुनंच असेल तर उंच नळीचा काय उपयोग? वाहत्या ओढ्याच्या तळाशी या गाड्या काय करून ठेवतात तो आणखी वेगळा विषय.

दोन कंपन्यांनी मात्र वेगळी दिशा घेतली. होंडानं आपल्या बहुतेक एटीव्हींत पट्टा घेतलाच नाही; गिअर, टॉर्क कन्व्हर्टर, तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा असे मार्ग चोखाळले. पाण्यात होंडा अडत नाही अशी तिची ख्याती आहे, ती बरीचशी या एका निर्णयामुळे. यामाहानं पट्टा ठेवला पण १९९८च्या ग्रिझलीपासून तो सतत ताणलेलाच ठेवला आणि गाडी सुटण्याचं काम तेलात बुडालेल्या वेगळ्या क्लचवर सोपवलं. सुरुवातीची घासाघीस पट्ट्यावर येत नाही, म्हणून तो दीर्घकाळ टिकतो. ओला झाला तर तोही घसरतोच.

आपल्याकडे हा पट्टा एटीव्हीच्या कितीतरी आधी आला. पुण्याच्या कायनेटिकनं होंडाशी १९८४ साली भागीदारी केली आणि पिथमपूरच्या कारखान्यातून कायनेटिक होंडा रस्त्यावर आली, ती याच तत्त्वावर. आज दारोदारी असलेल्या गिअरलेस स्कूटरींच्या डाव्या बाजूच्या लांबट झाकणाखालीही तेच आहे. जुलैच्या तुंबलेल्या रस्त्यातून आणलेली स्कूटर नुसतीच गुरगुरते, उचलत नाही, तेव्हा इंजिन खोलायच्या आधी मिस्त्रीला हे झाकण काढायला सांगावं. स्कूटरला न्यूट्रल नसतं. ती मधल्या स्टँडवर घेऊन मागचं चाक मोकळं फिरवत सुकवतात.

त्याच पिथमपूरला २००७ पासून भरणाऱ्या ‘बाहा’ स्पर्धेत महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी कॉलेजांची मुलं खडकाळ रस्त्यांसाठी स्वतः बांधलेल्या गाड्या घेऊन उतरत आली आहेत. यातले अनेक संघ पट्ट्याचीच यंत्रणा निवडतात आणि तिच्यावरचं संरक्षक कवच स्वतः बनवतात. हवेसाठी भोकं किती ठेवायची आणि चिखल किती आत येऊ द्यायचा, हा मिनेसोटाच्या अभियंत्यांना पडलेला प्रश्न त्यांनाही तसाच सोडवावा लागतो.

कोकणच्या किनाऱ्यावरची गोष्ट वेगळी. अलिबाग, नागाव, काशीदच्या वाळूत पर्यटकांसाठी एटीव्ही धावतात आणि मुंबई पोलीसही समुद्रकिनाऱ्यावर गस्तीला त्या वापरतात. तिथे पेटीत जातं ते खारं पाणी आणि बारीक रेती. पट्टा संध्याकाळपर्यंत सुकतो, पण मीठ ॲल्युमिनियमच्या थाळ्यांवर राहतं आणि ओल धरून ठेवतं. पांढरे ठिपके, मग खड्डे, मग त्या खड्ड्यांवर रोज झिजणारा पट्टा. गोड्या पाण्यानं, कमी दाबानं, बूच काढून धुतल्याशिवाय अशी गाडी झाकून ठेवू नये.

हंगाम संपला की या किनाऱ्यांवरच्या गाड्या स्वस्तात विकायला निघतात. घेणार असाल तर रंग आणि टायर नंतर बघा. आधी पेटीचं झाकण उघडून दाखवायला सांगा. आतल्या भिंतीवर सुकलेल्या गाळाची आडवी रेघ दिसेल. गाडी किती खोल बुडाली होती ते ती रेघ सांगते. थाळ्यांवरून बोट फिरवा. चरे आणि खड्डे लागले तर पट्ट्याबरोबर दोन्ही पुल्यांची किंमत भावातून कापून घ्या. आणि मालक झाकण उघडायला तयार नसेल, तर ती गाडी घेऊ नका.